ताईचं तिसरं सॉसेज

आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं एकच आचारी होता, आणि आचारी होण्याआधी तो चाळीस वर्षं सॉसेजच्या कारखान्यात होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

मी तिथली नर्स. अडतीस म्हातारी माणसं, दोन मजले, एक लिफ्ट जी आठवड्यातून एकदा रुसायची, आणि तळमजल्याला मागच्या अंगाला स्वयंपाकघर. आचारी बुटका, रुंद खांद्यांचा. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "यंत्राला देऊन आलो. त्यांनी परत केलं नाही." त्याचे हात कायम गार असायचे. मांस दळतात ती खोली बर्फासारखी ठेवावी लागते, म्हणे, नाहीतर चरबी वितळते आणि सगळा घाणा वाया जातो. तिथे चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात पुन्हा कधी गरम होत नसावेत.

तो आमच्याकडे आला तो बहिणीमुळे. त्याची मोठी बहीण सहा महिने आधीपासून आमच्याकडे राहत होती. गुडघे गेले होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या एका खोलीच्या घरात तिला चढणं-उतरणं जमेना, म्हणून तिला इथे आणलेलं. तो दर रविवारी यायचा, तिच्याबरोबर जेवायचा आणि जाताना तिच्या खिडकीची कडी नीट लागते का ते बघून जायचा. मग कारखान्याला टाळं लागलं. दुसऱ्याच दिवशी हा इस्त्रीचा शर्ट घालून व्यवस्थापकांसमोर उभा.

"माझी बहीण इथे जेवते," तो म्हणाला. "ती जे जेवते ते मी सहा महिने खाल्लंय. मला स्वयंपाकघर द्या."

व्यवस्थापकांना आधी राग आला, मग हसू आलं. त्यांनीही तेच जेवण खाल्लेलं होतं. दिलं स्वयंपाकघर.

बहिणीला तो ताई म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळा आश्रमच तिला ताई म्हणू लागला. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले पोस्टमन आजोबासुद्धा. ती त्याला 'धाकट्या' म्हणायची. त्यांची आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा आणि ती पंधराची. वडील ट्रकवर, महिन्यातून दोन दिवस घरी. ताईने शाळा सोडली, एका लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायचं काम धरलं आणि याला वाढवलं. सतरा पूर्ण झाल्यावर तिनेच त्याला हाताला धरून कारखान्याच्या फाटकावर नेलं. दर शनिवारी कामगारांना बिघडलेला माल वाटायचे: वाकडी, फुटलेली, एका टोकाला फुगलेली सॉसेज. त्या घरात मांस यायचं ते तेवढंच. ताई आपल्या वाटणीच्या सॉसेजच्या नाण्यांसारख्या चकत्या करायची आणि एकेक चकती सावकाश खायची. मला हे तिनेच सांगितलं. म्हणाली, "सिस्टर, ते पुडकं घेऊन तो जिना चढायचा ना, तेव्हा त्याच्या पावलांचा आवाज वेगळा यायचा. मोठ्या माणसासारखा."

आमच्याकडे आल्यावर त्याने बुधवार आणि रविवार सॉसेजचे ठरवून टाकले. विकतची नाही, स्वतः केलेली. बुधवारी अकरा वाजल्यापासूनच जेवणघरात खुर्च्या सरकल्याचे आवाज सुरू व्हायचे. पोस्टमन आजोबा गळ्याला नॅपकिन बांधून पहिल्या टेबलावर असे बसायचे, जणू डाक सुटायची वेळ झालीये. एरवी चार घास खाऊन ताट सरकवणारी माणसं त्या दिवशी ताट पुसून खायची. प्रत्येकाला दोन. ताईला मात्र तिसरं मिळायचं. जेवणं उरकली की तो नॅपकिनमध्ये गुंडाळून ते तिच्या खोलीत नेऊन द्यायचा. मला ते माहीत नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगायचे. खरं म्हणजे त्या नॅपकिनचा वास तिच्या खोलीत कितीदा तरी आला होता आणि मी कानाडोळा केला होता.

चार वर्षं हे असं चाललं. मग एका थंडीत, सकाळी मी औषधं वाटत फिरत होते, तर ताई पलंगाच्या कडेला बसून चपलेशी झटापट करत होती.

"सिस्टर, कुणीतरी माझ्या चपला बदलल्या बघा. या लहान आहेत."

चपला तिच्याच होत्या. पाय सुजले होते. मी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. काट्यावर उभी केली. महिन्यापूर्वीपेक्षा साडेचार किलो जास्त. एवढ्यात एवढी चरबी चढत नाही, ते पाणी असतं. "रात्री झोप लागते का?" विचारलं, तर म्हणाली, "लागते की. खुर्चीत बसून लागते. आडवं झालं की कुणीतरी छातीवर बसतं." हे तिने दोन आठवडे कुणाला सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात आठ दिवस ठेवलं. लघवी होण्याच्या औषधांनी पाणी काढलं. हृदयाचा जोर कमी झाला होता आणि अशा माणसाच्या अंगात मीठ पाणी धरून ठेवतं. डॉक्टरांनी आहार विचारला. आचारी टोपी हातात धरून उभा होता. त्याने सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. तिसऱ्या सॉसेजचंही सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "यापुढे दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ. सपाट चमचाभर. त्याहून कमी झालं तर उत्तम."

आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होता.

"किलोला बावीस ग्रॅम," तो म्हणाला. "माझं एक सॉसेज साठ ग्रॅमचं. तीन म्हणजे एकशेऐंशी. मीठ झालं चार ग्रॅम. एका जेवणात. पाव वेगळा, सूप वेगळं." आणि मग, "मी माप कधी चुकलो नाही, सिस्टर. चाळीस वर्षांत एकदाही नाही."

माझीही वजनाची वही होती आणि मीही ती महिन्यातून एकदाच उघडत होते.

ताई परत आली, अर्धी होऊन. आणि आचारी तिच्या खोलीत जायचा बंद झाला. ताट पाठवायचा, पण स्वतः जायचा नाही. पाच दिवस झाले. सहाव्या दिवशी ताईने मला फर्मान सोडलं, "त्याला बोलवा. आणि तुम्हीही थांबा, नाहीतर तो पळेल."

तो दारातच उभा राहिला.

"आत ये," ताई म्हणाली. "तोंड का लपवतोस?"

"ताई, मी तुला..."

"काय मी तुला? आणलंस तू, पण गिळलं कुणी? तोंड माझंच होतं ना?"

"मला कळायला पाहिजे होतं."

"मला कळत होतं," ताई म्हणाली. "ते खाल्लं की घसा कोरडा पडायचा. तांब्याभर पाणी प्यायचे. तरी दर बुधवारी दाराकडे डोळे लावून बसायचे. आता ये आणि ही खिडकी बघ. पाच दिवस झाले, कडी नीट लागत नाहीये."

तो गेला आणि कडीशी खटपट करू लागला. पाठमोरा होता, म्हणून त्याचा चेहरा मला दिसला नाही. ती कडी तशी ठीकच होती.

इकडे व्यवस्थापक घाबरले होते. त्यांनी आठवड्यातून तीन दिवस एक आहारतज्ज्ञ बोलवायचं ठरवलं. आली ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, चष्मा, केसांची घट्ट वेणी आणि पिशवीत स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. जे दिसेल ते त्यावर ठेवायची. दोन दिवसांत तिचं नाव पडलं काटाबाई. एक अर्थ वजनकाट्यामुळे. दुसरा अर्थ पोस्टमन आजोबांना विचारा.

पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. एका बाजूला कातडी काढलेलं, शिजवलेलं कोंबडीच्या छातीचं मांस. दुसऱ्या बाजूला सॉसेज. दोन्ही शंभर ग्रॅम. कोंबडीत प्रथिनं एकतीस ग्रॅम, सॉसेजमध्ये तेरा. कोंबडीत चरबी चार ग्रॅमसुद्धा नाही, सॉसेजमध्ये सत्तावीस. कोंबडीत सोडियम, म्हणजे मिठातला पाणी धरून ठेवणारा भाग, पाऊणशे मिलिग्रॅमच्या आत, सॉसेजमध्ये नऊशे.

आचाऱ्याने तो कागद हात पुसत पुसत दोनदा वाचला.

"कोंबडीत एकतीस," तो म्हणाला, "आणि माझ्यात तेरा?"

"तुमच्यात नाही हो काका, सॉसेजमध्ये," ती म्हणाली.

"तेच ते." त्याने मान हलवली. "बरोबर आहे तुमचं. तिसरा हिस्सा चरबी घातल्याशिवाय ते रसदार होत नाही. वर बर्फ, म्हणजे पाणीच. खाणाऱ्याला वाटतं मांस खातोय. मी आयुष्यभर पाणी आणि चरबी मांसासारखी उभी करत आलो."

त्याने वाद घातला नाही. सॉसेज बंद. बुधवारी आणि रविवारी कोंबडी, कातडी काढून, उकडून, प्रत्येकी शंभर ग्रॅम, काट्यावर मोजून.

पहिला बुधवार मी विसरणार नाही. नॅपकिन बांधून बसलेल्या पोस्टमन आजोबांनी ताटाकडे बघितलं, मग काटाबाईकडे बघितलं आणि नॅपकिन सोडून घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या टेबलावरच्या एका आजींच्या कवळीत मांसाचा धागा असा अडकला की कवळीच बाहेर आली. ताईने एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धाकट्या, उशी फाडून वाढलीस का रे?"

सगळे हसले. आचारीही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

त्याने उकडायची वेळ कमी केली, रसात ठेवून बघितलं, पातळ चकत्या केल्या. म्हातारी माणसं चांगली असतात, दोन घास खाऊन "छान आहे हो" म्हणतात आणि उरलेलं पावाखाली लपवतात. पाच आठवड्यांनी मी वजनाची वही उघडली, आता मी ती दर आठवड्याला उघडत होते, तर नऊ जणांचं वजन घटलेलं. ताईच्या पायांवर सूज नव्हती, पण गळ्याशी हाडं दिसायला लागली होती. हे वजन पाण्याचं नव्हतं, अंगाचं होतं.

मी ते आकडे आचाऱ्याला दाखवले. त्याने वही घेतली आणि पुढच्या बुधवारी जेवणं झाल्यावर काटाबाईला थांबवलं.

"बाई, तुमचा काटा जरा आणता?"

"कशाला?"

"वाढताना मोजता ना, आता परत आलेलं मोजू."

मोठ्या पातेल्यात त्याने सगळ्या ताटांतली उरलेली कोंबडी गोळा केली होती. पावाखालची, सुपाच्या वाटीत बुडवलेली, एका आजोबांनी रुमालात बांधून खुर्चीखाली ठेवलेली, सगळी. तिचा काटा लहान, म्हणून थोडं थोडं करत मोजलं. मी आकडे लिहीत होते. वाढली होती तीन किलो आठशे. परत आली दोन किलो शंभर.

काटाबाईने माझ्या वहीतले आकडे पुन्हा एकदा वाचले.

"म्हणजे प्रत्येकाच्या पोटात गेली पंचेचाळीस ग्रॅम," आचारी म्हणाला. "प्रथिनं चौदा. माझी दोन सॉसेज खायचे तेव्हा किती जायची?"

काटाबाईने मनातल्या मनात हिशेब केला. "पंधरा. साडेपंधरा."

"कागद तुमचा खोटा नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "मिठाचं तुमचं सोळा आणे खरं. माझ्या बहिणीच्या पायांवर मी ते बघितलंय. पण हे पातेलंही खरं आहे."

तिने चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता भडकेल.

"आम्हाला ताटात काय वाढायचं ते शिकवलं," ती म्हणाली. "परत काय येतं ते मोजायला कुणी शिकवलं नाही. मग काका, आता काय करायचं?"

"मांस मऊ करायचं कामच मी चाळीस वर्षं केलंय."

"पण मीठ न घालता?"

मग त्याने आम्हा दोघींना स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. सॉसेजमधलं मीठ नुसतं चवीला नसतं. दळलेल्या मांसात मीठ पडलं की ते चिकट होतं, एकमेकांना धरतं, पाणी आणि चरबी सुटू देत नाही. मीठ म्हणजे त्याचं सिमेंट. ते काढलं तर उरतो भुसा.

"मग जमणार नाही म्हणता?" काटाबाईने विचारलं.

"बघू," तो म्हणाला. चाळीस वर्षांत त्याने 'बघू' असं कुणाला म्हटलं नसेल. कारखान्यात सगळं मापात होतं.

त्याने कोंबडीच्या छातीचं मांस बर्फावर गार करून दळलं, लसूण, मिरपूड घातली, कापडात लांबट गुंडाळून पाण्यात सोडलं. कापड उघडलं तेव्हा आत खरंच भुसा होता. दुसऱ्या वेळी अंड्याचा पांढरा भाग घातला, जरा सढळ हाताने. काटाबाईने एक तुकडा खाल्ला आणि सभ्यपणे म्हणाली, "यानं पेन्सिलीचं लिहिलेलं खोडता येईल." त्या दिवशी तो पहिल्यांदा तिच्यासमोर मनापासून हसला. तिसऱ्या वेळी अंडं कमी करून बटाटा घातला, तर चिकट लगदा. चौथ्या वेळी काय बिघडलं ते त्यालाही कळलं नाही.

मग त्याला वाटलं, भात. मऊ, गिचका शिजवलेला भात, गार करून मांसाबरोबर दळायचा. तो पाणी धरून ठेवेल. वर एखाद्या अंड्याचा पांढरा भाग. चवीला कांदा, तासभर मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतून वाटलेला, कारण त्या कांद्यात जी गोडसर, खमंग चव उतरते ती जिभेला मिठाची आठवण होऊ देत नाही. लसूण, मिरपूड, चिमूटभर जायफळ, शेवटी लिंबू. पातळ सुती कापडात गच्च वळायचं आणि पाण्यात सोडायचं. पाणी उकळू द्यायचं नाही. "नुसतं थरथरलं पाहिजे," तो म्हणायचा आणि अर्धा तास पातेल्याजवळून हलायचा नाही, बुडबुडा दिसला की गॅस कमी, थरथर थांबली की जास्त.

सातव्या वेळी कापड उलगडलं आणि आतून निघालं ते उभं राहिलं. सुरी घातली तर लोण्यासारखी गेली. कडेने चकती नीट सुटली. काटाबाईने लगेच मापं मांडली: शंभर ग्रॅममागे प्रथिनं वीस, चरबी तीनच्या आसपास, सोडियम शंभरावर फार नाही. साध्या कोंबडीइतकं काही नाही, भात घातला की प्रथिनं कमी होणारच. पण तिने आकड्यांखाली रेघ मारली आणि लिहिलं: 'परत किती येतं, बघणे.'

पहिलं ताट ताईला. आचारी स्वतः घेऊन गेला. मी आणि काटाबाई दाराशी. त्याने वरून जरा भाजून रंग आणला होता, चकत्या केल्या होत्या, नाण्यांसारख्या. ताईने वास घेतला. एक चकती तोंडात टाकली. आम्ही तिघंही तिच्या जबड्याकडे बघत होतो, जणू तिथे निकाल लागणार आहे.

"हे सॉसेज नाही," ताई म्हणाली.

आचाऱ्याचा चेहरा पडला. "नाही."

"मग काय आहे?"

"कोंबडी."

"मग कोंबडी म्हण. सॉसेज म्हणून फसवायला आणलं होतंस ना? चकत्या बघून कळलं मला." ती दुसरी चकती उचलत होती. "खोटं नाव कशाला लावतोस? चांगली आहे की. मऊ आहे. कांदा मस्त लागतोय." मग दाराकडे बघून, "त्या मुलीला आत बोलव. उपाशी दिसतेय. दुसऱ्यांचं मोजता मोजता स्वतःचं विसरते."

ताईने सगळं संपवलं. ताट परत आलं ते रिकामं. काटाबाईने तरीही काट्यावर ठेवून बघितलं.

त्या बुधवारी जेवणघरात तो पदार्थ 'कोंबडीचा रोल' या नावाने गेला. परत आलं अडतीस जणांचं मिळून शंभर ग्रॅम, त्यातलं निम्मं पोस्टमन आजोबांचं, कारण त्यांनी निषेध म्हणून अर्धंच खाल्लं. "ताईचं हृदय कमजोर," ते म्हणाले, "माझं हृदय घोड्याचं आहे. चाळीस वर्षं सायकल मारलीये. मला कसली शिक्षा?"

यात तथ्य होतं. काटाबाईने डॉक्टरांना बोलावून सगळ्यांची तपासणी करून घेतली. अकरा जणांना महिन्याच्या पहिल्या रविवारी एक सॉसेज चालेल असं ठरलं. एकच. अडचण अशी झाली, की आता आचारी तयार होईना. "मी सोडलं ते काम," म्हणाला. पुन्हा ताईकडे गेलं प्रकरण. तिने त्याला समोर बसवलं.

"चाळीस वर्षांची विद्या आहे ती तुझी. तिच्यावर मी जगले. तिला विष म्हणू नकोस. मला सोसत नाही, ही गोष्ट वेगळी. पोस्टमनना सोसतं. त्यांना कर."

त्याने केली. अकरा. त्या रविवारी पोस्टमन आजोबांनी खिशातून नॅपकिन काढला आणि त्या एका सॉसेजला पाऊण तास लावला.

त्यानंतर ताई तीन वर्षं होती. पाय पुन्हा एकदाच सुजले, तेही लवकर लक्षात आलं आणि गोळी वाढवून भागलं. रोज सकाळी ती स्वतः काट्यावर उभी राहायची आणि आकडा मला ओरडून सांगायची, मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला असले तरी. तिच्या पंचाहत्तरीला डॉक्टरांनी विचारलं, काही खावंसं वाटतं का. म्हणाली, "धाकट्याचं सॉसेज. एक." डॉक्टरांनी हो म्हटलं. आचाऱ्याने जुन्या मापाने केलं, किलोला बावीस ग्रॅम. तिने पहिला घास घेतला आणि थांबली.

"मीठ जास्त पडलं का रे?"

"नाही ताई. तेवढंच आहे."

"फार खारट लागतंय." तिने अजून एक बारीक तुकडा खाऊन बघितला, मग बशी सरकवली. जराशी ओशाळली होती. "पूर्वी असंच होतं?"

"असंच होतं."

त्याने ते उचलून स्वतः खाल्लं, तिच्याच खोलीत, तिच्यासमोर बसून, सगळं. नंतर मला म्हणाला, "मलाही खारट लागलं, सिस्टर. पण तिला सांगितलं नाही."

ताई गेली ती एका दुपारी, खुर्चीत, खिडकीशी, हृदयानेच गेली. हृदय बरं होणार नव्हतं हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. आचारी चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तो बुधवार होता. मी म्हटलं, आज दुसरं काहीतरी साधं करा. तो म्हणाला, "भात कालच शिजवून ठेवायला हवा होता, गार व्हायला वेळ लागतो," आणि कुकर लावला.

काटाबाई पुढे एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाक विभागात गेली. तिथे चारशे खाटा. दोन महिन्यांत तिचा फोन आला, काकांना पाठवा, इथल्या आचाऱ्यांना तो रोल जमत नाहीये, कधी भुसा होतो, कधी रबर. आचारी जायला तयार होईना. "मी काय बोलणार तिथे? टोप्या घातलेली माणसं ती." शेवटी मीच त्याच्याबरोबर बसने गेले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. सहा आचारी अर्धगोल करून उभे होते, पुढे पिंपाएवढं पातेलं. त्याने आधी मांसाला हात लावून बघितला.

"गरम आहे," तो म्हणाला. "बर्फ आणा."

मग तो तीन तास बोलला. तेवढा बोललेला मी त्याला त्याआधी कधी ऐकला नव्हता. एकाने विचारलं, मीठ नसताना हे तुम्हाला सुचलं कसं? तो म्हणाला, "घरात एका माणसाला चालत नव्हतं." एवढंच.

परतीच्या बसमध्ये त्याला झोप लागली. थांबा आल्यावर मी उठवलं, तर डोळे चोळत त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही, की संध्याकाळच्या सुपाचं कुणी बघितलं असेल का. मी म्हटलं, नसेल. "मग चला लवकर," म्हणाला आणि माझ्या आधी उतरला.